डावीकडचं तू सांग

आण्णांनी जीपची किल्ली धैर्याच्या ताटात टाकली. अगदी ताटात, भाकरीला टेकून.

“आज अठरा पुरी झाली न्हवं? उद्या माझ्यासंगं लायसन काढायला यायचं. पुढच्या महिन्यापास्नं घाटाच्या फेऱ्या तुझ्या.”

धैर्यानं किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली आणि आण्णांच्या तांब्याशेजारी ठेवली. “मी गाडी चालवणार न्हाई.”

“का?”

“न्हाई चालवणार.”

आणखी एकदा विचारलं असतं तर आण्णांचा हात उठला असता, म्हणून आईनं मध्येच आमटीचं पातेलं आणून ठेवलं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हते. तेव्हाही नव्हते, आता तर विचारूच नका.

“त्याला कशाला इचारताय आण्णा? भित्री भागूबाई हाय ती. म्हणं धैर्यशील! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.”

धैर्या माझ्याकडं बघून हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. हसला, आणि मान खाली घालून जेवायला लागला.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, धैर्या माझा भाऊ, माझ्यापेक्षा वर्षानं धाकटा. आमची तळेवाडी घाटमाथ्यावर, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला. गाव संपलं की रस्ता वळतो तो थेट कोकणातच उतरतो. आण्णा वडाप करायचे. म्हणजे जीपमध्ये बसतील तेवढी माणसं कोंबायची, घाटाखालच्या बाजाराला सोडायची आणि परत आणायची. हिंदुराव चौगल्यांची जीप म्हटली की बायका पोरंबाळं घेऊन बिनघोर बसायच्या, कारण वीस वर्षांत घाटात त्या गाडीला ओरखडा आला नव्हता. त्यांचा एकच नेम होता. दिवेलागणीच्या आत गाडी दारात. वाघजाईला बोललोय, असं सांगायचे. राजा आला तरी हिंदुराव अंधारात गाडी काढत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, आणि लोक त्याचा मान ठेवायचे.

आणि अशा माणसाच्या पोटी हा! आमच्याकडं पोरांना मिसरूड फुटायच्या आधी गाडी येते. धैर्यालाही येत होती. पण सोळाव्या वर्षी अंगणात जीप मागं घेताना त्यानं तुळशी वृंदावनाचा कोपरा उडवला, आणि तेव्हापासून जो उतरला तो उतरलाच. पुढं तो रोज आण्णांच्या डाव्या हाताला क्लीनर म्हणून बसायला लागला. खिडकीबाहेर बघत सारखी बडबड चालू. “डावीकडं सायकल. डावीकडं म्हस. मोकळं. मोकळं. दगूड.” स्टँडवरची पोरं त्याला ‘मोकळं’ म्हणूनच हाक मारायची. घरात मीही मारायचे.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं. मुलगा मिलिटरीत, विक्रमसिंह नाव, फोटोत छाती काढून उभा. मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू? त्याची दोन पत्रं मी तांदळाच्या डब्यात तळाला दडवून ठेवली होती आणि तांदूळ काढायचं काम आईला करू देत नव्हते. पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका घाटाखालच्या रवळनाथापुढं ठेवायची आणि नवरीनं जोडीनं जाऊन ओटी भरायची, ही पाव्हण्यांकडची रीत. नवरामुलगा सुट्टीवर नव्हता, म्हणून होणारे सासरे, सासू, मी, आण्णा आणि धैर्या एवढेच निघालो. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूला मामी. आई घरी थांबली, कारण संध्याकाळी पाव्हणे पुरणपोळी खायला आमच्याकडं येणार होते.

सकाळी निघतानाच घोळ झाला, आणि तो आम्हीच घातला. पुढची डावी जागा रोजची धैर्याची. पण व्याही गाडीत असताना घरच्या पोरानं पुढं बसायचं म्हणजे काय?

“पाव्हणं, तुम्ही म्होरं बसा,” आण्णा म्हणाले. “मानाची जागा हाय.”

धैर्या दार धरून उभा. “आण्णा, मी मधी बसतो की. मामा खिडकीला बसतील.”

“पाव्हण्यास्नी अंग चोरून बसवतोस व्हय रं? जा मागं!”

धैर्या हलेना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरच्या माणसांपुढं हा काय हट्ट? मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. “जा की! किलिंडरला कसला आलाय मान?” मग तो गेला आणि अगदी मागच्या आडव्या बाकावर बसला. मी आणि मामी मधल्या सीटवर.

उतरताना आण्णांनी गाडी इतकी सावकाश घेतली की मामा म्हणाले, “पाव्हणं, गाडीला झोप आली का काय?” सगळे हसलो. आण्णाही हसले, पण त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. माघातली गारठ्याची सकाळ आणि माणूस घामानं भिजलेला. मला वाटलं, पाव्हण्यांचं दडपण असेल.

देवाचं नीट झालं. ओटी भरली, पुजाऱ्याच्या घरी जेवणं झाली. तीन वाजता निघायला आलो तर जीपचं मागचं चाक पार जमिनीला टेकलेलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. आण्णा देवळाच्या पायरीवर बसून राहिले. धैर्या त्यांच्यापुढं जाऊन म्हणाला, “आण्णा, आज हितंच मुक्काम करूया. धर्मशाळा हाय. सकाळी निघू.”

आण्णांनी वर बघितलं. त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, आता हो म्हणतात.

पण मामा हाताला माती लावून पंपाशी बसलेही होते. “अवो, पुरणपोळ्या वाट बघत्यात! मिलिटरीवाल्याचा बाप हाय मी, चाक बदलायला किती येळ?”

किती वेळ म्हणता म्हणता साडेपाच वाजले. गाडी सुरू झाली. आण्णांनी मावळतीकडं एकदा बघितलं, स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, “चला.” व्याह्यापुढं मुक्काम करूया म्हणणं त्यांच्याच्यानं झालं नाही. नेमाचंही बोलले नाहीत. वाघजाई त्या दिवशी त्यांना आठवली कशी नाही, हे माझ्या डोक्यात आलं, पण मी साड्यांचं बोलण्यात गुंग होते.

घाट लागला. झाडी दाट, त्यामुळं खाली अजून ऊन असलं तरी घाटात अंधारून येतं. चढताना दरी डाव्या हाताला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तेवढ्यात मागून माझ्या कानाशी धैर्याचा श्वास आला. चढावरच्या इंजिनाच्या घरघरीत मामींना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“शैले, मागं वळू नगो. नुसतं ऐक. डावीकडचं तू सांग.”

“काय सांगू?”

“मी सांगतो ते. माणूस, सायकल, कठडा. हळूच सांग, पर आण्णांस्नी ऐकू गेलं पाहिजे.”

“येडा हायस का?”

“आण्णांस्नी दिसत न्हाई शैले. डावीकडचं न्हाई, उजवीकडचं न्हाई. नुसतं नाकासमोरचं दिसतंय, नळीतनं बघितल्यागत. आनि उजेड गेला की तेबी न्हाई.”

मला हसूच आलं. खरंच आलं. “काहीतरीच सांगतोय. मग तू सांग की, रोज बडबडतोस तसं.”

“दिवसा बडबडतो. नुसता डावीकडंच बघत बसतो, मग जमतंय. आता मला तुझी वेणीबी दिसंना झालीया.”

माझी वेणी त्याच्या नाकापासून वीतभर लांब होती.

हसू कुठल्या कुठं गेलं. मी समोर आण्णांच्या मानेकडं बघितलं. कोंबडी दाणा बघते तशी ते मान इकडून तिकडं, तिकडून इकडं करत होते. ही त्यांची सवय जन्मापासून बघत आले होते मी. आम्हाला वाटायचं, घाटातल्या ड्रायव्हरची ऐट आहे ती. दिवेलागणीचा नेम. धैर्याचं संध्याकाळी बादलीला अडखळणं, आणि माझं त्याला धांदरट म्हणणं. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

“तुळशीच्या कट्ट्यावर शेजारची पिंकी खेळत हुती,” तो कुजबुजत होता. “तिच्या आईनं हाक मारली म्हणून उठून गेली. मी गाडी मागं घ्यायच्या मिनिटभर आधी. मला ती दिसलीच न्हवती शैले. तवाच ठरवलं, पुन्यांदा स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई.”

“आण्णांस्नी ठावं हाय? तुझं?”

“कुणालाच न्हाई. कोल्हापूरला दवाखान्यात एकटाच जाऊन आलो. घराण्यातनं आलेलं हाय, बरं हुत न्हाई म्हणाले. तुझं लगीन हुईस्तवर गप बस. ह्या घराण्यात आंधळेपण हाय म्हटल्यावर तुला कोण करून घील?”

“आनि ते चाक?”

“हवा मीच सोडली. स्टेपनीचीबी. वाटलं, मुक्काम करतील.”

माझ्या डाव्या बाजूला दरी होती आणि दरीच्या काठाला फूटभर उंचीचे दगड. पुढं आण्णांनी दिवे लावले. लावले न लावले सारखेच. तिन्हीसांजेला जीपच्या दिव्यांचा उजेड पडत नाही, नुसता धुरकट वाटतो.

“शैले,” मामी म्हणाल्या, “हळदीला पिवळी साडी कुठली घेतलीस?”

“पिवळी होय मामी, काठाची हाय. अगंबाई, डावीकडं दगड बघा की किती जवळ हायत!”

जीप हळूच उजवीकडं सरकली.

आण्णांचा कान माझ्याकडं झाला होता. त्यांना कळलं. मला आता सांगायचंय हे त्यांना कळलं, आणि आम्हा दोघांचं काही न बोलता ठरून गेलं, जसं त्यांचं आणि धैर्याचं दोन वर्षं ठरलेलं होतं. मग मी बोलतच सुटले. “मामी, डावीकडं करवंदीची जाळी कशी वाढलीया. मामी, हितं कठडाच न्हाई बघा. मामी, तो बघा सायकलवाला, डावीकडनंच चाललाय.” मामींना वाटलं असेल, पोरगी फारच बडबडी आहे. तोंडावर हसू ठेवून मी बोलत होते. एक वळण. दुसरं वळण. देवा रवळनाथा, नुसतं वर पोचव. तिसरं वळण.

“विक्रमचं पत्र आलं का गं काल?” मामींनी कोपरानं ढोसलं. “मला काय सांगत न्हाई तो. तुला लिहितोय म्हणं.”

मी लाजले. एवढंच केलं मी. लाजून मान खाली घातली आणि वर बघितलं तर डाव्या दिव्यासमोर गवताचा भारा, भाऱ्याखाली बाई.

“आण्णा! बाई!”

ब्रेक लागला. मामी माझ्या अंगावर, मी पुढच्या सीटवर. धप्प असा आवाज झाला. मेली, असंच मला वाटलं. डोळे उघडायचं धाडस होईना. उघडले तेव्हा भारा गडगडत दरीत चालला होता आणि बाई रस्त्याच्या कडेला दगडाला धरून बसली होती, हातात नुसता कासरा घेऊन. भाऱ्याला लागलं होतं. तिला लागलं नव्हतं. चार बोटांचं अंतर असेल.

दम आला तशी ती उठली आणि खिडकीत येऊन आण्णांच्या तोंडावर ओरडली, “डोळं फुटल्यात का रं तुझं?”

बाई शिव्या देत भारा बघायला गेली.

“काय वो पाव्हणं,” मामा म्हणाले. “दिसली न्हाई व्हय?”

“वळणावर एकदम मधी आली.” आण्णांनी पुन्हा किल्ली फिरवली.

वर पोचायला अजून दोन मैल. त्यात कावळकड्याचं वळण, जिथला कठडा पावसाळ्यात वाहून गेला होता आणि कुणी बांधला नव्हता. आता बऱ्यापैकी अंधार झाला होता. मलाच डावीकडचं नीट दिसेना झालं होतं. मग सांगणार काय आणि कुणाला? मागून धैर्या अगदी रडवेला होऊन म्हणत होता, “थोडंच राहिलंय शैले. सांगत राहा. तुझ्या लग्नाची शपथ हाय.”

मला लग्न हवं होतं. तांदळाच्या डब्यातली पत्रं मला तोंडपाठ होती. गप्प बसले तर कदाचित वर पोचू, आणि महिन्याभरात मी विक्रमची बायको. बोलले तर मामा-मामी इथंच उतरतील आणि परत आमच्या दारात पाय ठेवणार नाहीत. दोन्ही मला लख्ख दिसत होतं. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती नुसती दरीची नव्हती.

जीप हलली. डावं चाक खडीवर गेलं, खडी खाली पडत गेल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

“आण्णा, गाडी थांबवा.”

“काय झालं?”

“थांबवा म्हणते न्हवं!” मी किंचाळले. गाडी थांबली. “मामा, मामी, माझ्या आण्णांस्नी दिसत न्हाई.”

“शैले!” धैर्या मागून ओरडला. “मामा, तिचं काय ऐकू नका, तिला घाट लागलाय, उलटी हुतीया तिला—”

“थोबाड फोडीन!” आण्णा गरजले. “बापाला आंधळा म्हणतीस? वीस वर्सं झाली ह्या घाटात!”

मी पुढं वाकले आणि त्यांच्या डाव्या कानाशेजारी, वीतभर अंतरावर, पाची बोटं पसरून हात धरला.

“आण्णा, समोर बघा. माझा हात कुठं हाय?”

ते समोर बघत राहिले.

“कुठला हात?”

मामांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग आण्णांकडं. मग त्यांनी सावकाश हँडब्रेक वर ओढला, अगदी शेवटच्या दातापर्यंत. आण्णांची मान स्टेअरिंगवर गेली. मी माझ्या बापाला असं वाकलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी किल्ली काढली आणि मागं वळून माझ्या डोक्यावरून हात लांब केला.

“धैर्या, घे. आतातरी घे पोरा. म्हणून तर मागं लागलो हुतो तुझ्या. लवकर हातात घेतलीस तर मला सोडता यील, कुणाला कळणार न्हाई, असं वाटलं हुतं. भिऊ नगो. मी हाय शेजारी.”

धैर्यानं हात पुढं केला. आण्णांच्या हातातली किल्ली इथं, आणि धैर्याचा हात तिच्या बाजूनं निघून गेला. परत आला, पुन्हा हुकला. आण्णांचा हातही त्याला शोधत फिरायला लागला. त्या अंधारात दोघांचे हात माझ्या डोळ्यांसमोर एकमेकांना चाचपत होते आणि सापडत नव्हते.

आण्णांचा हात थांबला.

“धैर्या?”

“मलाबी न्हाई दिसत, आण्णा.”

आण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इथं सांगणार नाही. मामींनी माझा हात घट्ट धरला. त्याही रडत होत्या.

शेवटी मामा खाली उतरले, फिरून उजव्या दाराशी आले आणि म्हणाले, “सरका पाव्हणं. मी ट्रॅक्टर चालवतो, जीपबी चालवीन.” आण्णा निमूटपणे डावीकडं सरकले. सकाळी व्याह्याला दिलेल्या मानाच्या जागेवर आता ते बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी डावीकडचं सांगत राहिले, आता मोठ्यानं. कावळकड्याचं वळण मामांनी पहिल्या गियरवर घेतलं. घरी पोचलो तेव्हा आई ओवाळायला तबक घेऊन दारात उभी होती.

मामींनी पोळीचा तुकडा मोडला, देवाचा मान म्हणून. मामांनी उभ्या उभ्या पाणी घेतलं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, तू बोललीस म्हणून आम्ही जित्तं पोचलो.” ते मनापासून म्हणाले. आणि चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की भटजींनी परत बघितलं, गुण जुळत नाहीत. तेही त्यांनी मनापासूनच केलं असणार. पोटच्या पोराचा प्रश्न होता. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

मी दोन्ही पत्रं चुलीत घातली आणि चार दिवस जेवले नाही. धैर्या उंबऱ्यात येऊन बसायचा. “माझ्या पायी तुझं वाटोळं झालं,” म्हणायचा. पाचव्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की मी उठले, त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडले. पण जे बोलायला हवं होतं ते त्या दिवशीही बोलले नाही. भागूबाई म्हटलेलं परत घ्यायचं राहूनच गेलं.

जीप दारात महिनाभर धूळ खात होती. मग किल्ली मीच उचलली. आण्णांनी डावीकडं बसून शिकवलं, इंजिनाचा आवाज ऐकून. “तिसरा टाक. आता दुसरा. पोरी, गाडी रडाय लागलीया, ऐकू येत न्हाई का?” लोक हसले, मग बसायला लागले. पुढं माझं लग्नही झालं. बघायला आले त्याच दिवशी मी चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं होतं. तीन स्थळं चहा न घेता गेली, चौथ्यानं चहा घेतला.

आण्णा जाऊन आता नऊ वर्षं झाली. धैर्यानं एका बँकेत टेलिफोनवर वीस वर्षं नोकरी केली. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आणि माझं तालुक्याला ड्रायव्हिंग स्कूल आहे. शेकड्यांनी पोरंपोरी शिकवल्या.

गेल्या महिन्यात माझ्या ऋतुजाला अठरा पूर्ण झाली. धैर्या मुद्दाम आला होता. मी सगळ्यांना वाढलं आणि हौसेनं नव्या स्कूटरची किल्ली तिच्या ताटाशेजारी ठेवली.

तिनं ती बोटानं बाजूला सारली. “मला नको आई. मी गाडी शिकणार नाही.”

मी वाढता वाढता थांबले. डॉक्टरांनी मला कितीदा सांगितलंय, तुला नाही तर तुझ्या पोरीला होणार नाही. पण भीती डॉक्टरांचं कुठं ऐकते?

धैर्याचा घास हातातच राहिला होता. “ऋतू, समोर बघ,” तो म्हणाला. “माझ्याकडं. हलू नकोस. शैले, हात धर.”

मी तिच्या कानाशेजारी हात धरला. किती बोटं धरलीत ते माझं मलाच कळेना.

“किती बोटं?”

“तीन. आणि आई, तुझी अंगठी उलटी फिरलीय. काय चाललंय तुम्हा दोघांचं?”

मी दुसऱ्या बाजूनं धरला.

“दोन. आता एक. आता जेवू?”

मी हात खाली घेतला. “मग का नाही शिकायची?”

“नाही शिकायची. मला रस्त्यावर भीती वाटते. एसटीनं जाईन मी.”

आता माझा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते. ड्रायव्हिंग स्कूलवालीची पोरगी, आणि म्हणे भीती! शब्द अगदी ओठांवर आला.

धैर्यानं ताटाच्या कडेनं चाचपत किल्ली शोधली. सदऱ्याला पुसली आणि माझ्या तांब्याशेजारी ठेवली.

“शैले,” तो हळूच म्हणाला, “तिला भागूबाई म्हणू नकोस.”

“नाही रे म्हणत,” मी म्हटलं. “तुलाही म्हणायला नको होतं.”

त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं. मी त्याच्या ताटात पोळी वाढली आणि तूप डावीकडं ठेवलंय म्हणून सांगितलं.